होकायंत्र घेऊन उजनीकाठी चुकलो तेव्हाची गोष्ट

उजनीचे पक्षी बघायला निघालेले वाचक मला रस्ता विचारतात. रस्ता आता छान आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा धरणाचं बांधकाम चालू होतं आणि मला रस्ता विचारायची बंदी होती.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात कॉलेजात होतो, छात्रसेनेतही होतो. नकाशावाचनाच्या परीक्षेत एकदा आपटलो होतो. या खेपेला पास झालो तर फौजेत अधिकारी व्हायची वाट मोकळी, नाहीतर सात रस्ता चौकातलं वडिलांचं कापडाचं दुकान. वडील माझ्यासाठी गादी झटकूनच बसले होते.

सकाळच्या एसटीनं मी आणि वर्गमित्र भीमा टेंभुर्णीला उतरलो. स्टँडवर भजी खाऊन घेतली, कारण पुढं काही मिळायचं नाही. उस्ताद, म्हणजे आम्हाला शिकवणारे हवालदार, जीपजवळ उभे होते. त्यांनी एक नकाशा, एक होकायंत्र आणि एका गावाचं नाव दिलं. उत्तरेपासून तीनशे दहा अंश, चार मैल. कुणाला वाट विचारायची नाही, कुठं चाललोय तेही सांगायचं नाही. एवढं बजावून ते स्वतः आरामात जीपनं पुढं गेले.

भीमानं होकायंत्र टेकवलं ते नेमकं विहिरीवरच्या ऑइल इंजिनावर. लोखंडाजवळ काटा उत्तर सोडून भरकटतो, हे आदल्याच दिवशी शिकवलं होतं. तेव्हा मी शेवटच्या बाकावर डुलक्या घेत होतो. तासभर ऐटीत चाललो आणि नकाशात नसलेल्या उसात घुसलो.

बांधावर एक आजी शेळ्या राखत होत्या. मी नियमाला बगल दिली.

"आजी, इकडून पुढं कुठलं गाव लागतं?"

"तुमाला कुटं जायाचंय?"

"ते सांगायचं नाही."

"मंग वाट कुटली सांगू, माज्या कपाळाची? लढाई लागलीया का?"

"परीक्षा आहे," भीमा पुटपुटला.

"मंग सांगा की! मी काय शेरडास्नी सांगत बसतीया?"

नाव सांगितलं. आजी खुदकन हसल्या. "आमचंच गाव की! चला."

गाव म्हणजे माळावरच्या नव्या पत्र्याच्या घरांच्या रांगा. आजींनी भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. जेवणखर्च शून्य, उस्तादांचा मात्र पत्ता नाही.

"गाव हेच ना?" मी विचारलं.

"व्हय. नदीकाठचं उठलं न्हवं का, धरणाचं पानी येनार म्हून. मानसं समदी हितं आली. तितं नुसती भिताडं हायती."

उस्ताद नकाशातल्या गावात बसले होते आणि आम्ही खऱ्या गावात. या वेळी लोखंडापासून लांब उभा राहिलो. दूरच्या टेकडीचा आणि देवळाच्या कळसाचा कोन घेतला. प्रत्येक कोन एकशेऐंशी अंशांनी उलटवून, नकाशावरच्या त्या टेकडीपासून आणि देवळापासून एकेक रेघ मागं ओढली. रेघा जिथं छेदतात तिथं आपण उभे. फुली मोकळ्या माळावर पडली आणि मी आनंदानं ओरडलो. जन्मात पहिल्यांदा ते जमलं होतं. तिथून नवा कोन काढून नदीकडं धावत सुटलो.

काठावरच्या गावात घरांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या होत्या. उस्ताद चावडीच्या पायरीवर बसले होते.

"वेळेत आलात. आता नकाशावर गाव दाखव," ते मला म्हणाले.

भिताडांवर बोट ठेवलं की पास, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी माळावरच्या फुलीवर ठेवलं.

"उस्ताद, गाव इथं गेलंय."

"तुला कुणी सांगितलं?"

भीमानं कपाळावर हात मारला.

वाट मी एकट्यानं विचारली, असं सांगितलं. नियम मोडल्याबद्दल मी नापास. भीमा पास होऊन पुढं फौजेत गेला. मी घरी येऊन दोन दिवस दार लावून रडलो, आणि तिसऱ्या दिवशी दुकानात बसलो तो कायमचाच. पुढं दुकानाची गोडी लागली हे खरं, आणि गणवेश दिसला की आजही गिऱ्हाईक सोडून बघत राहतो हेही खरं. पण आजींच्या हातची भाकरी खाऊन, त्यांचं गाव भिताडांत आहे असं दाखवायला माझं बोट वळलं नसतं.