सोबतीचा रकाना

मावशींचा फोन आला तेव्हा स्क्रीनवरचं नाव बघून मी तो बराच वेळ वाजू दिला. दोन वर्षांत मी त्यांची एकदाही चौकशी केली नव्हती. असं वागलं की फोन उचलताना हात जड होतो.

मावशी कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसायचं हे त्यांचं काम. घरच्यांना नोकऱ्या असतात, मुलांच्या परीक्षा असतात, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही असतो. मग मावशींना बोलावतात. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वडिलांना पाणी पाजलं, लोकांच्या सासवांचे केस विंचरले. माझ्या बाबांजवळ त्या सात महिने बसल्या. बाबा गेले, आम्ही रडत त्यांचे आभार मानले, आणि त्यांना विसरलो. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आमच्याच घराला बघून कुणी केली असावी.

"ताई, कामात आहात का?"

"बोला ना मावशी."

"नाही, कामात असाल तर राहू दे."

असं तीनदा झालं. मला लवकर राग येतो, तसा तो आला. "मावशी, सांगताय की ठेवू?"

"शुक्रवारी माझी ती दुर्बिणीची तपासणी आहे. खालून आत नळी घालतात ना, बाबांची केली होती, तीच." मग आवाज खाली आला. "रक्त जातंय. दोन महिने झाले."

मी म्हटलं, दोन महिने काय करत होतात? तर म्हणाल्या, दोनदा तारीख घेऊन गेले आणि परत आले. झोपेचं इंजेक्शन देतात, म्हणून घरी न्यायला माणूस लागतं. सोबत कोणी नसेल तर तपासणी करत नाहीत. "नियम बरोबर आहे त्यांचा," त्या घाईघाईने म्हणाल्या. "मीच किती जणांना घरी नेलंय."

त्यांची थोरली बहीण ह्याच दुखण्याने गेली होती. लाजेपायी वर्षभर कुणाला बोलली नाही, आणि बोलली तेव्हा उशीर झाला होता. हे मावशींनीच बाबांना सांगितलं होतं, बाबा तपासणीला तयार होत नव्हते तेव्हा.

"सगळ्यांना विचारून झालं," त्या म्हणाल्या. "वही काढून बसले होते, जुन्या पेशंटांच्या घरच्यांची. कुणी गावाला, कुणाला वेळ नाही. तुमचं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. पण अडला हरी..." आणि त्या जीभ चावून थांबल्या.

"गाढवाचे पाय धरी," मी म्हण पुरी केली. "येईन मी. गाढव शुक्रवारी मोकळं आहे."

मोकळी कसली! ऑफिसात मी लोकांच्या रजा मंजूर करते. स्वतःच्या रजेच्या अर्जावर कारण काय लिहावं ह्याचा मात्र मी अर्धा तास विचार केला. 'नातेवाईक आजारी' लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं.

ही तपासणी ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांच्यासाठी सांगते. आतडं धुऊन काढावं लागतं. आदल्या दिवशी जेवण बंद, आणि संध्याकाळपासून औषधाची पूड घातलेलं पाणी प्यायचं, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, दोन लिटरचा जग रिकामा होईपर्यंत. मग धावायचं. बसायचं, उठायचं, पुन्हा धावायचं. बाबांची पाळी आली तेव्हा मावशींनी टेबलावर दोन ग्लास मांडले होते. एक औषधाचा, बाबांचा. दुसरा साध्या पाण्याचा, त्यांचा स्वतःचा. "हेडमास्तर," त्या बाबांना म्हणाल्या, "एक तुमचा, एक माझा. बघू कोण मागे पडतं." त्यांची कामाची पद्धतच होती ती. पेशंटला एकट्याला काही प्यायला लावायचं नाही. बाबा धावले की त्या संडासाच्या दाराबाहेर उभ्या राहून आतल्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. आम्ही दुसऱ्या खोलीत टीव्ही बघत होतो.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मी त्यांना फोन केला.

"कितवा ग्लास?"

"तिसरा. तिसऱ्याकडे बघतेय अर्धा तास झाला."

"अहो, पंधरा मिनिटांनी घ्यायचा ना? तुम्हीच लोकांना दरडावायचात."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," त्या म्हणाल्या. "आज कळलं हेडमास्तर शिव्या का घालत होते. गोड सरबतात साबण पडल्यासारखं लागतं हो. ताई, एक गंमत सांगू? सवयीने दोन ग्लास मांडले मी. दुसऱ्यात साधं पाणीसुद्धा ओतलं. आता बसलेय बघत, हा कोण पिणार म्हणून."

त्या हसल्या, मीही हसले. त्यांची खोली माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. मी जायला हवं होतं. गेले नाही. उद्या लवकर उठायचंय, अशी मी मनाशी सबब काढली, आणि फोनवर म्हटलं, "काळजी घ्या." ह्या दोन शब्दांइतकं फुकटचं काही जगात नसेल.

सकाळी घ्यायला येते म्हटलं तर नको म्हणाल्या. "रस्त्यात काही झालं तर तुमच्या गाडीची सीट जाईल. मी आधीच जाऊन बसते. तिथले सगळे संडास मला पाठ आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा चांगला, कडी लागते."

मी पोचले तेव्हा काउंटरवरची बाई वैतागली होती. तिच्या हातात फॉर्म, समोर मावशी. मावशी वाळल्यासारख्या दिसत होत्या. कायम चापूनचोपून बसवलेले केस आज कानावर आले होते.

"आजी, पेशंटला बोलवा ना. नंबर आलाय."

"पेशंट मीच आहे."

"मग हे काय लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. 'सोबत येणारी व्यक्ती' ह्या रकान्यात मावशींनी ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर लिहिला होता. खाली सहीसुद्धा. पेशंटचा रकाना कोरा होता. तीस वर्षं हात ज्या ओळीवर जात होता, तिथेच आजही गेला होता.

मावशींच्याही ते लक्षात आलं. त्यांनी तोंडावर पदर धरला. आधी मला वाटलं हसतायत. मग वाटलं नाही. मग त्या खरंच हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, दुसरा फॉर्म द्या. म्हातारीचं डोकंसुद्धा रिकामं झालंय काल."

दुसऱ्या फॉर्मवर सोबतीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. 'नातं' असं छापलेलं होतं तिथे पेन अडलं. मावशी लगेच म्हणाल्या, "ओळखीच्या लिहा. चालतं. मी तेच लिहायचे." मी तेच लिहिलं.

मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. बिस्किटं होती, आणि पाण्याची एक लहान बाटली. "सोबत येणाऱ्याचे फार हाल होतात. कुणी विचारत नाही त्याला." चोवीस तास उपाशी असलेल्या बाईने माझ्यासाठी डबा आणला होता. मी तो न उघडताच पर्समध्ये ठेवला.

दवाखान्याचा तो झगा मागून उघडा असतो. शेकडो लोकांच्या झग्यांच्या नाड्या मावशींनी बांधल्या, पण स्वतःच्या पाठीमागे हात पोचेना. मी बांधायला लागले.

"गाठ बाजूला घ्या ताई. मधोमध बांधली तर झोपल्यावर टोचते."

त्यांची पाठ एवढीशी होती. त्यांच्या अंगाला मी पहिल्यांदाच हात लावत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. बाबांना उचलताना, कुशीवर वळवताना त्यांचे हात मी सात महिने बघितले होते.

"भीती वाटतेय का?" मी विचारलं.

"वाटतेय," त्या सरळ म्हणाल्या. "नळीची नाही. बहिणीचं आठवतं. आणि जागी झाले आणि कोणी नसलं तर, असं काल सारखं मनात येत होतं. लोक जागे होतात ना, तेव्हा आधी खुर्चीकडे बघतात. मी बघितलंय."

नर्स त्यांना घेऊन गेली. पाऊण तास मी बाहेर बसले. मोबाईलवर ऑफिसची चार माणसं रजा मागत होती. डोळे मिटून सगळ्यांच्या मंजूर केल्या.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण माणूस बरा. आतड्यात दोन लहान कोंब, म्हणजे मांसाच्या गाठी दिसल्या, म्हणाले, दोन्ही कोंब काढले. एक साधाच वाटतोय, दुसरा तपासायला पाठवलाय. आठ दिवसांनी कळेल. "बरं झालं, वेळेवर आल्या. अजून वर्षभर थांबल्या असत्या तर सांगता आलं नसतं." मी विचारलं, घाबरण्यासारखं आहे का? ते म्हणाले, आठ दिवस घाबरू नका, मग बघू. डॉक्टर लोकांना हे सोपं वाटतं.

तपासणीनंतरच्या खोलीत पडदे लावलेले सहा पलंग होते. पोटात हवा भरलेली असते, ती बाहेर काढा, लाजू नका असं नर्स एकेकाला सांगत होती, आणि पडद्यांआडून सगळेजण आपापल्या परीने तिची आज्ञा पाळत होते. एरवी मी हसून लोळले असते. बाबा तर म्हणाले असते, तोफांची सलामी कुणाला चाललीय? मी खुर्ची ओढून मावशींच्या उशाशी बसले.

बऱ्याच वेळाने त्यांचे डोळे उघडले. नजर अजून औषधात होती. त्यांनी खरंच आधी खुर्चीकडे बघितलं. मला ओळखलं, पण दिवस ओळखला नाही. गुंगीतच त्यांचा हात पांघरुणावरून फिरला, पेशंटचं पांघरूण नीट करतात तसा. माझ्याकडे बघून अगदी हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "उशीर झाला ताई. तुम्ही जा घरी. मी आहे इथे."

हेच शब्द. सात महिने रोज संध्याकाळी त्या हेच म्हणायच्या, आणि मी पर्स उचलून निघायचे. शेवटच्या दिवशीही म्हणाल्या होत्या. बाबांचा श्वास बदलला होता. मला दिसत होतं, तरी मी निघाले, कारण त्या होत्या. पहाटे बाबा गेले तेव्हा त्यांचा हात मावशींच्या हातात होता. म्हणून मी त्यांना दोन वर्षं फोन केला नाही. कृतघ्न होते म्हणून नव्हे. मला त्यांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

"मी नाही जात," मी म्हटलं.

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. "सकाळी या," त्या पुटपुटल्या. "पेशंटला बरं आहे."

"आहे ना बरं. झोपा तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले. उशाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्यांना शुद्ध आली की द्यायचा. मी नर्सकडे दुसरा ग्लास मागितला. तिने विचारलं, कुणाला? मी म्हटलं, मला. मग दोन्ही भरून ठेवले, आणि त्या उठायची वाट बघत बसले.