पाचव्या प्रकरणासाठी कोण भांडलं?

भूतखेत, अंगात येणं, दृष्ट लागणं... यातलं काही मी मानत नाही. शाळा कॉन्व्हेंटची, पुढे कायदा. पुरावा असेल तेवढंच खरं, असं शिकलेली मुलगी मी. आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. या गोष्टीत पुरावा भरपूर आहे, पण तो सगळा माझ्या विरुद्ध जातो.

मराठीत लिहायची मला फारशी सवय नाही, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हाच्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी नागपूरला कायद्यात पीएच.डी. करत होते. विषय होता लग्न झालेल्या बाईचं नागरिकत्व आणि डोमिसाईल. डोमिसाईल म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माणसाचं कायमचं घर. जुना नियम असा, की लग्न झालं की नवऱ्याचं डोमिसाईल तेच बायकोचं. तो परदेशात कायमचा राहायला गेला आणि ती कधी नागपूरच्या इतवारीच्या बाहेर पडलेली नसली, तरी कायद्याने तिचं घर तिकडेच. काही देशांनी हा नियम तेव्हा बदलायला घेतला होता. आपल्याकडे तो का बदलावा, हे मी पाचव्या प्रकरणात लिहिलं होतं. आधीच्या चार प्रकरणांत इतरांनी काय म्हटलं ते होतं. पाचवं माझं होतं.

माझ्या गाइडना, म्हणजे सरांना, ते नको होतं.

"मिस धकाते, परीक्षकांना तुमची मतं नको असतात. पाचवं काढून टाका."

"येस सर," मी म्हणाले. तीन वर्षांत मी त्यांच्याशी बहुतेक तेवढंच बोलले होते, आणि तेही इंग्रजीतच. इंग्रजीत कमी बोललं तरी चालतं, लोकांना ते सभ्यपणाचं वाटतं.

माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुदतवाढीच्या फॉर्मवर सरांची सही हवी होती आणि सर त्याच संध्याकाळच्या गाडीने दोन महिन्यांसाठी मद्रासला मुलीकडे निघाले होते. फॉर्म त्यांच्याकडेच होता. त्यांनी मला दुपारी दोन वाजता धरमपेठेतल्या घरी बोलावलं. पाचवं प्रकरण वगळायला माझी हरकत नाही, असं पत्र मी आणायचं, मग ते सही करणार. पत्र मी टाइप करून पिशवीत ठेवलं होतं. सही झाली नाही तर माझं नाव रद्द. आणि नाव रद्द झालं तर बाबा बिलासपूरच्या स्थळाला होकार कळवणार, हे घरात ठरलेलं होतं. बाबा वाईट नाहीत. आजोबांचा उमरेडला हातमाग होता, बाबा शिकून रेल्वेत लागले आणि मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. त्यांच्या मते माझं पुष्कळ शिकून झालं होतं.

त्या सकाळी चौथ्या प्रकरणातला एक पान नंबर तपासायला मी लायब्ररीत गेले. सिव्हिल लाइन्समधली जुनी बंगली, नाव लिहीत नाही. परदेशी कोर्टांचे निकाल ज्या खोलीत असत, तिला लोखंडी जाळीचं दार होतं. विद्यार्थी ब्लेडने पानं कापून नेत, म्हणून तिथे एकावेळी एकालाच सोडायचे आणि बाहेरून कुलूप घालायचे. पिशवी बाहेरच्या फळीवर. आत फक्त पेन्सिल, पट्टी आणि कोरे कागद. काम झालं की जाळी वाजवायची, मग अटेंडंट श्रावणकाका कुलूप काढत आणि बाहेरच्या रजिस्टरमध्ये जाण्याची वेळ लिहून सही करायची. उन्हाळ्यात लायब्ररी एकला बंद होई.

"ताई, आज लवकर आटपा हं," काका कुलूप घालताना म्हणाले. "घरी पाव्हणे येऊन राहिले. बायको म्हने, उशीर केला तं दारातच उभं ठेवीन."

मी हसले. काका नेहमी काहीतरी म्हणायचे आणि मी नेहमी नुसती हसायचे.

एक वाजायच्या सुमारास मी मागच्या रॅकपाशी होते. कुलूप काढल्याचा आवाज आला. काकांचा आवाज, मग एका बाईचा हळू आवाज. दुसरं कोणी आलं असेल असं वाटलं. पुस्तक जागेवर ठेवून मी पुढे आले, तर दाराला कुलूप होतं. बाहेर कोणी नव्हतं. तेवढ्यात पंखा थांबला. जाताना काका मेन स्विच बंद करत. मग लांबवर मोठं दार लागलं.

मी "काका" म्हणाले. हाक नव्हती ती. एखादं पुस्तक मागावं तसं म्हणाले.

आता वाटतं, त्या क्षणी जोरात ओरडले असते तर ते परत आले असते. पण मला ओरडता येत नाही. घशापर्यंत येतं आणि तिथेच राहतं. त्यात पहिला विचार आला तो लाजेचा... कुलपात अडकलेली मुलगी बघायला लोक जमतील. पाच मिनिटं मी त्या लाजेत घालवली, आणि तेवढ्यात ते सायकलवरून निघून गेले.

खिडकीला गज आणि जाळी, पलीकडे भिंत. मे महिन्यातल्या दुपारी एकनंतर सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पाण्याचा माठ बाहेर, तीन हातांवर, जाळीतून दिसणारा. माझी पिशवी टेबलाच्या आड असलेल्या फळीवर, ती दिसत नव्हती. मी पट्टीने जाळी वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. दीड वाजला. दोन वाजले. सर वाट बघत असतील, मग घड्याळ बघतील, मग होल्डॉल बांधायला लागतील. फॉर्म टेबलावर तसाच राहील. इतकं सरळ दिसत होतं सगळं, की मी जमिनीवर बसले आणि रडलेसुद्धा नाही.

अडीचच्या सुमाराला एक विचित्र गोष्ट झाली. माझा घसा बसला. खूप वेळ बोलल्यावर बसतो तसा. मी एक शब्द बोलले नव्हते. तहानेने झालं असेल, असं मी तेव्हा म्हटलं. अजूनही तसंच म्हणते.

साडेचारला काका परत आले. ते संध्याकाळी पुन्हा सायकलवरून येऊन माठ भरून ठेवत. पट्टीचा आवाज ऐकून ते जाळीपाशी आले. हातातली बादली त्यांनी खाली ठेवली नाही, तशीच धरून उभे राहिले.

"ताई... तुमी आत कशा आल्या?"

"मी आतच होते."

"कशा आत? म्या सोता कुलूप काढलं, तुमी भायेर आल्या, सही केली. पिशवीतून कागद काढला. म्या म्हनलं, पिशवी? तं तुमी म्हनलं, राहू द्या काका, येते मी घ्यायले." त्यांनी कमरेची चावी वर धरून दाखवली. "चाबी तं माह्याजवळ हाय वं बाई."

रजिस्टर उघडं होतं. माझ्या नावापुढे 'एक वाजता' आणि सही, शाईत. माझीच. शेवटच्या अक्षराखाली मी दोन टिंबं देते, तीसुद्धा. पिशवी फळीवर होती. रुमाल, छत्री, सगळं होतं. पत्र नव्हतं.

मी दोन पेले पाणी प्याले आणि रिक्षा करून धरमपेठेत गेले. सर व्हरांड्यात होते, पायाशी होल्डॉल, सुटकेस.

"अरे, परत? काही राहिलं का?"

"सर, फॉर्म..."

"फॉर्म तुमच्यासमोरच सही करून आमच्या मॅडमकडे दिला ना! उद्या सकाळी नेते, असं तुम्हीच म्हणालात." मग ते माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना कधी तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आवाज बसला वाटतं? बसणारच. पाऊण तास बोललात. मिस धकाते, मी तुम्हाला मुखदुर्बळ समजत होतो. आणि मराठीत! 'काहून काढू पाचवं, सर? कारण तर सांगा.' माझ्याशी आजवर असं कोणी बोललेलं नाही."

काहून म्हणजे का; हा शब्द आमच्या घरात आई बोलू देत नसे. उमरेडला आत्या बोलायची. मी कधीच नाही.

मॅडमनी आतून फॉर्म आणून दिला. विषयाच्या रकान्यात पाचही प्रकरणं. खाली सरांची सही, त्याखाली अर्जदाराची. व्हरांड्यातल्या टोपलीत कागदाचे तुकडे पडले होते. मी वाकून एक उचलला. 'हरकत नाही' एवढाच भाग त्यावर आला होता. टाइप माझाच होता.

"ते तुम्हीच फाडलंत," सर म्हणाले. "मी म्हटलं, फाइलला तरी राहू द्या. ऐकलं नाहीत."

मी तेव्हा त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? फॉर्म माझ्या हातात होता. मी इथे नव्हतेच असं म्हटलं असतं, तर सही रद्द करायची कारणं मीच दिली असती. दुसऱ्या दिवशी फॉर्म युनिव्हर्सिटीत भरला.

पुढे मी हे सगळं एखाद्या केससारखं मांडून पाहिलं. मी बाहेर होते याचे दोन साक्षीदार, एक रजिस्टर, एक फॉर्म, एक फाडलेलं पत्र. मी आत होते याला साक्षीदार फक्त मी. काकांनी जाळी उघडली तेव्हा मी आत होते, हे ते मान्य करतात. पण मग परत आत गेला असाल म्हणतात, कशा ते त्यांनाही सांगता येत नाही, आणि विषय बदलतात. मी न्यायाधीश असते तर निकाल माझ्या विरुद्ध दिला असता. ती खोली मात्र मला अजून आठवते. पंखा थांबल्यानंतरचा तो वेळ, माठ दिसतोय आणि हात पोचत नाही...

दीड वर्षाने व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाली. बाहेरगावचे परीक्षक पाचव्या प्रकरणावर अडून बसले. बाईला स्वतःचं घर ठरवू दिलं तर कुटुंबाचं काय होईल, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी उत्तरं दिली. अडखळत, टेबलाकडे बघत, इंग्रजीत, पण दिली. एकही मुद्दा सोडला नाही. डिग्री मिळाली. बिलासपूरच्या लोकांनी तोवर दुसरीकडे जमवलं होतं.

बाहेर आल्यावर सरांनी अभिनंदन केलं. मग म्हणाले, "चांगलं बोललात. पण खरं सांगू? त्या दिवशी माझ्या घरी याहून चांगलं बोलला होतात."

मी धीर केला. "सर, त्या दिवशी मी नक्की काय म्हणाले होते?"

मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. ते हसले आणि परीक्षकांना चहाला घेऊन गेले. मी नंतर आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते हसलेच. सर आता निवृत्त होऊन मद्रासला असतात. माझ्या प्रबंधाची सगळ्यात चांगली बाजू ज्या पाऊण तासात मांडली गेली, त्यातलं 'काहून' सोडून एक वाक्यही मला माहीत नाही. आणि ती बाजू मांडणारी कोण होती, तेही नाही.