सातिवलीचा सर्व्हर आणि रंगीत चौकोन

काही ऑफिसांत पगार साठतो, काहींत अनुभव. आमच्याकडे फक्त किस्से साठले! कंपनी सोडून इतकी वर्षं झाली, तरी जुन्यांपैकी दोघं जरी वसई स्टेशनबाहेर भेटली, तरी चहा थंड होतो. "ते चौकोन आठवतात का रे?" एवढं कुणीतरी म्हणायचा अवकाश!

तर सांगतो. सातिवलीत आमचा छोटा कारखाना होता. पॉवर प्रेसवर पत्रा ठोकून पंख्यांचे पार्ट काढायचे, हे काम. वर पोटमाळ्यावर ऑफिस. मी आगाशीहून स्कूटरवर यायचो आणि कॉम्प्युटर नावाची जी जी वस्तू असेल ती सांभाळायचो. कोपऱ्यात एक सर्व्हर होता. डिस्क चाळीस जीबीची. घेतली तेव्हा मालक नाईकसाहेब म्हणाले होते, "ही आता नातवंडांपर्यंत पुरेल."

दीड वर्षात भरली.

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, डिस्क फुल झाली."

साहेबांनी चष्मा काढला. "फुल म्हणजे किती फुल? एखादी फाइल उभ्याने तरी जाईल ना?"

* * *

साहेबांनी फर्मान काढलं. प्रत्येकाने आपापल्या फाइली कमी करायच्या.

डिस्पॅच बघणाऱ्या शुभदा मॅडम अतिशय शिस्तीच्या. दोन दिवस त्या मान वर न करता कामाला लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नितीन, माझं झालं. आता बघ किती जागा झालीय ती!"

मी बघितलं. एक केबीसुद्धा हललेला नव्हता.

"मॅडम, नक्की काय केलंत?"

"सगळ्या फाइलींची नावं लहान केली!"

'पंखा ब्रॅकेट उजवा सुधारित'चं 'पं ब्रॅ उ सु' झालं होतं. अशा बाराशे फाइली! पुढचा आठवडाभर ऑफिसात कुणालाही काहीही सापडलं नाही. माल मात्र वेळेवर गेला, कारण मॅडमना सगळं तोंडपाठ होतं.

* * *

शेवटी मी कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला. त्याने सीडीवर एक छोटासा प्रोग्रॅम दिला. त्याला ना खिडकी, ना बटण. काळ्या स्क्रीनवर एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचं. मग तो सगळी डिस्क मोजत सुटायचा आणि शेवटी एक चित्र काढून द्यायचा. चित्रात नुसते रंगीत चौकोन. ज्याचा फोल्डर मोठा, त्याचा चौकोन मोठा. त्या चौकोनात त्याच्या फाइलींचे छोटे चौकोन. आकडे वाचायची गरजच नाही. जागा कुणी खाल्ली ते लांबूनही दिसायचं.

पहिलं चित्र मी ए-थ्री कागदावर छापलं आणि नोटीस बोर्डवर लावलं. सगळे गोळा झाले. नाईकसाहेबही बाहेर आले. मधोमध एक अवाढव्य जांभळा चौकोन पसरलेला.

साहेब कडाडले, "हा जांभळा कुणाचा? लाज वाटली पाहिजे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीच म्हणालो, "साहेब, तुमचा."

साहेबांच्या नातीचं नर्सरीतलं गॅदरिंग होतं ते. ती गाजर झाली होती. एकच व्हिडिओ, तीन वेळा कॉपी केलेला. एक साहेबांनी ठेवलेला, एक वहिनीसाहेबांनी सांगितलं म्हणून ठेवलेला आणि एक आधीचे दोन सापडले नाहीत म्हणून ठेवलेला.

साहेब केबिनच्या दारापर्यंत गेले, थांबले आणि हळूच म्हणाले, "दोन उडव. पण बघून उडव हं. जिच्यात गाजर जास्त स्पष्ट दिसतंय, ती ठेव."

* * *

दर सोमवारी नवं चित्र लागायला लागलं. लोक हजेरी लावायच्या आधी आपला चौकोन बघायचे.

आमचे सावंत आयएसओची कागदपत्रं सांभाळायचे. सज्जन माणूस, मूळ सावंतवाडीकडचा. एका सोमवारी ते बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"नितीन, बारा वर्षं झाली मला इथे. आणि माझा एवढासा चौकोन? तो काल आलेला ट्रेनीसुद्धा माझ्या दुप्पट!"

मी समजावलं, "सावंत, लहान चौकोन म्हणजे चांगलं. तुम्ही जागा कमी वापरता."

ते "हो, हो" म्हणाले, पण पटलं नव्हतं. घरी दोन दिवस जेवले नाहीत, हे मला नंतर त्यांच्या मिसेसकडून कळलं. त्यांच्या मनाने घेतलं होतं की हे प्रमोशनचं काहीतरी आहे आणि साहेबांनी मुद्दाम भिंतीवर लावलंय.

पुढच्या सोमवारी सावंतांचा चौकोन टम्म फुगलेला! बघतो तर, प्रत्येक कागद पुन्हा स्कॅन केलेला, सगळ्यात मोठ्या रिझोल्यूशनवर. कोरी पानंसुद्धा!

"सावंत, कोऱ्या पानांचं स्कॅन कशाला?"

सावंत छाती काढून म्हणाले, "त्यांच्यावरही माझी सही आहे, मागच्या बाजूला."

* * *

ड्रॉइंग काढणारा राऊत गिरीजचा. घरची केळीची वाडी. एकदा त्याचे वडील त्याचा डबा घेऊन आले आणि राऊत जेवेपर्यंत बोर्डासमोर बसले. आबा चित्राकडे टक लावून बघत होते. पाच मिनिटांनी त्यांनी मला खूण केली.

"ही मोजणी कुणी केली?"

"मीच केली, आबा."

"तुझी? मग सांग मला." त्यांनी मधल्या एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं. "ह्याच्या चारी बाजूंना दुसऱ्यांची जमीन. ह्या बिचाऱ्याने आपल्या वाडीत जायचं कसं? वाट कुठाय?"

मी सांगायला लागलो की ही जमीन नाही, ही डिस्क आहे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रिकामा डबा पिशवीत टाकत म्हणाले, "ते असू दे. पण वाट सोड. नाहीतर भावाभावांत कोर्टकचेरी होते."

तो हिरवा चौकोन त्यांच्याच मुलाचा होता!

* * *

शुभदा मॅडम दर सोमवारी जुनं चित्र घरी न्यायच्या. मला वाटलं, अभ्यास करत असतील. एक दिवस त्या एक दुपटं घेऊन आल्या. शेजारच्या बाळासाठी सासूबाईंनी शिवलेलं. जुन्या साड्यांचे तुकडे जोडून. बघतो तर आमची डिस्क! मधोमध साहेबांचा जांभळासुद्धा तसाच.

"सासूबाई विचारतायत, पुढचं डिझाइन कधी येतंय? ऑर्डर आल्यात दोन."

पुढच्या सोमवारी मी रंग बदलून दिले. सासूबाईंना पिवळा हवा होता!

* * *

आता डॉमनिककाकांचं.

डॉमनिककाका प्रेस शॉपचे फोरमन. वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरातले, कमी बोलणारे, रिटायर व्हायला तीन महिने राहिलेले. खाली शॉपमध्ये त्यांच्या टेबलावर सर्व्हरला जोडलेला एक जुना कॉम्प्युटर होता. ते तो उघडतात, हेच मुळात आम्हाला माहीत नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी डिस्क पुन्हा भरली. पाच वाजायच्या आत एका मोठ्या गिऱ्हाइकाला ड्रॉइंग पाठवायचं होतं आणि राऊतची फाइल सेव्ह होईना. मी कमांड मारली. चित्रात एक नवा मोठा करडा चौकोन. फोल्डरचं नाव 'भंगार'. डॉमनिककाकांचा.

साहेब म्हणाले, "नावच भंगार आहे. उडव!"

माझं बोट कीवर होतं. पण काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यातली एक फाइल उघडली. स्पीकरमधून आवाज आला. थड-सूं, थड-सूं, थड-सूं. अर्धा तास तेवढंच.

काकांना वर बोलावलं. ते हात पुसत आले.

साहेब म्हणाले, "काका, हे काय आहे?"

"मशिनी हायत, साहेब. चौदाच्या चौदा. बऱ्या असताना कशा वाजतात, ते रेकॉर्ड करून ठेवलंय."

"कशासाठी?"

काकांनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "मी कानावर काम केलं इतकी वर्षं. आता कान पयल्यासारखे राहिले नाय. मी गेल्यावर नव्या मानसाला कोन सांगनार, आजारी कुठली नि बरी कुठली? भंगार नाव दिलं, म्हणजे कोन हात लावनार नाय असं वाटलं."

साहेबांनी पुन्हा ती फाइल लावायला सांगितली. "ही कितवी?"

"तीन नंबर."

साहेब पूर्ण एक मिनिट ऐकत बसले. मग उठले आणि जिन्याच्या दारात जाऊन उभे राहिले. खालून तीन नंबरचा आवाज येत होता. थड-सूं-टिक. थड-सूं-टिक.

"काका," साहेब म्हणाले, "हा टिक कुठला?"

काकांना तो टिक ऐकूच येत नव्हता. पण साहेबांचा चेहरा बघून ते जिना धावत उतरले आणि त्यांनी प्रेस बंद केली. उघडल्यावर दिसलं, आतल्या बेअरिंगला तडा गेला होता. समोर स्टुलावर बसून एक बाई दिवसभर त्या प्रेसमध्ये पत्रा सरकवायची. बेअरिंग तुटलं असतं, तर प्रेस थेट तिच्या हातांवर आली असती. काका तिथेच खाली बसले.

'भंगार' मी सीडींवर उतरवून घेतलं, डिस्क मोकळी झाली आणि ड्रॉइंग साडेचारला गेलं.

निरोपाच्या दिवशी आम्ही काकांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी ते घेतलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तीन नंबरची तेवढी एक सीडी देशील?" घरच्या प्लेअरवर वाजेल अशी करून दिली.

महिन्याभराने ऑफिसात काकींचा फोन आला.

"नितीन, बाबा, त्या सीडीचं काय तरी कर."

"का काकी, वाजत नाही?"

"वाजते ना! दुपारी तीच लावून झोपतात. इतकी गाढ झोप त्यांना लग्न झाल्यापासून नाय लागली. पन ती अर्ध्या तासात संपते. संपली की दचकून उठतात नि मला विचारतात, 'लाइट गेली काय?'"

"मग तुम्ही सांगायचं ना, लाइट आहे म्हणून."

"सांगितलं की! तर चप्पल घालून निघाले. म्हनाले, 'लाइट हाय, मंग तीन नंबर बंद कशी पडली?'"