अकरावी मरळ

डोमा पवनीजवळच्या एका खेड्यातला ढिवर. पन्नास वर्षं त्याने गावतलावात जाळं टाकलं आणि त्याच्या बायकोने, मंगलाबाईने, ती मासोळी डोक्यावर नेऊन पवनीच्या बाजारात विकली. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्याने जाळं खुंटीला अडकवलं. पण एसटीतून जाताना कुठे पाणी दिसलं की खिडकीतून मान बाहेर काढायची सवय काही सुटली नाही.

त्यांची मुलगी रीना मेहकरला शाळेत शिकवते. २०१८च्या डिसेंबरात तिने मायबापांना आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं आणि रविवारी लोणारचं सरोवर दाखवायला नेलं. वरच्या काठावर उभं राहून तिने समजावलं, की पूर्वी लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे, पण हा खड्डा आकाशातून पडलेल्या दगडाने झालाय. डोमा डोळे बारीक करून खालच्या हिरव्या पाण्यावर होडी शोधत होता.

"एवढं मोठं पानी, अन् एक डोंगा नाही?"

झाडीतल्या पायवाटेने तिघं बसत-उठत खाली उतरली. डोमाने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकला. बाजूला वनखात्याचा रखवालदार उभा होता. डोमाने त्याला विचारलं, "इथं मासोळी कोनती भेटते, साहेब?"

"यात मासे नाहीत, बाबा. खारं पाणी आहे."

डोमा एका दगडावर बसला. मग आपणहूनच बोलायला लागला, रीनाच्या जन्माआधीच्या उन्हाळ्याबद्दल. त्या साली तलाव आटत आटत मधल्या डबक्यावर आला होता. मरळी चिखलात तडफडत होत्या. त्या मेल्या असत्या तर पुढच्या साली पिलं कुठून येणार? म्हणून डोमाने लग्नातला पाणी भरायचा पितळी गुंड उचलला, त्यात अकरा मरळी घातल्या आणि देवळामागच्या विहिरीत नेऊन सोडल्या. पावसाळ्यात तलाव भरल्यावर परत काढायला गेला, तर दहाच निघाल्या.

"केवळरामनं खाल्ली," डोमा म्हणाला. केवळराम म्हणजे शेजारचा शेतकरी. त्याची धानाची बांधी त्या विहिरीला लागूनच. "दोन साल बोललो नाही मी त्याच्यासंगं. मंग बोललो, पन पह्यल्यासारखं जमलं नाही."

मंगलाबाई पदराशी चाळा करत होती. "त्यानं नाही खाल्ली," ती हळूच म्हणाली. "मी पानी ओढाले गेली, तं बादलीत आली. सोडाले पायजे होती. पन ही पोटात होती, दोन महिने मासोळी तोंडात नव्हती. खाऊन टाकली."

रीना हसू दाबत दुसरीकडे बघायला लागली. डोमा बायकोकडे पाहतच राहिला.

"कशी केली होती?"

"कैरी टाकून."

"मले काहून नाही ठेवली व?"

"ठेवली असती तं तुमाले समजलं नसतं?"

डोमा इतका हसला की त्याला ठसका लागला. रीनाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. पण हसू ओसरलं आणि त्याचा चेहरा उतरला. वर आल्यावर दम खाऊन एवढंच म्हणाला, "रीना, उद्या आमाले गाडीत बसवून दे."

गावी पोचल्यावर पिशवी घरात ठेवली आणि तो थेट केवळरामच्या ओसरीवर गेला. केवळराम खाटेवर ऊन खात पडला होता. डोमाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "चुकलो, भाऊ," तो म्हणाला.

केवळराम उठून बसला. "मले तवाच मालूम होतं गा. तुह्या घरून कैरीच्या रश्श्याचा वास येऊन राहिला होता."

"मंग बोलला काहून नाही?"

"पोटुशी बाईचं नाव कसं घेऊ?"

डोमाने खाटेच्या कडेला बूड टेकवलं. केवळरामच्या बायकोने, पुष्पाबाईने, चहा आणून दिला. मग त्या उन्हाळ्याचा विषय निघाला. भेगाळलेला तलाव, बांधाच्या पाळीवर बसलेले बगळे, पहिल्या पुरात वर चढलेली मासोळी. एकाचं विसरलेलं दुसऱ्याला आठवत होतं. गुरं घरी परतली तरी दोघं तिथंच बसून होते.