नावाड्यानं गावं काऊन?

त्या साली मार्कंड्याच्या जत्रेत चांद्याहून तंबूतला सिनेमा आला आणि आमच्या अख्ख्या मुलखाचं हसणं गुंडाळून घेऊन गेला. सिनेमा एका नावाड्याचा. त्याच्या बायकोला त्याचा सख्खा भाऊच डोहात ढकलतो, नावाडी भावाला शोधत वेड्यासारखा हिंडतो आणि शेवटी रिकामी नाव अंधारात घालून निघून जातो. संपलं! गाणं औषधाला नाही. अंधार तर असा, की पडद्यावरची नदी कुठं संपते आणि आपला तंबू कुठं सुरू होतो ते कळेना. मागच्या रांगेतल्यांनी धोतरं वर खोचून घेतली होती, हे मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी वैनगंगेच्या काठाला डोंगे नुसते डुलत उभे आणि पल्याडची माणसं छातीभर पाण्यातून पार होतायत. नावेत बसायला कोणी तयार नाही. माझे होणारे सासरे राहायचे धानोऱ्याच्या बाजूला. त्यांच्या वाटेत नदी येतच नव्हती. तरी ते तिच्यापासून लांब, जंगलातून वळसा घालून घरी गेले. म्हणाले, "वाघ चालन, डोह नोको."

मला मात्र निराळाच भुंगा लागला. पुढं काय झालं? भाऊ सापडला का? सापडला तर नावाड्यानं त्याला बुडवला, की नावेत घेतला? नांगर धरला की तेच, घास उचलला की तेच. शेवटी मी जाहीर केलं, की दिवाळीनंतरच्या मंडईत आपणच याचा दुसरा भाग करू. आमच्याकडे मंडई म्हणजे गावोगावचे पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी आणि भर दुपारची दंडार. दंडारीत पुरुषच बाया होतात आणि गाण्याशिवाय तर कोणी तोंडच उघडत नाही. म्हणजे नावाड्याला गाणं भाग होतं.

झालं! धान कापणाऱ्यांचे विळे थांबले. "बायको मेली ना बे त्याची? मंग गाते कायले?" या बांधावरून त्या बांधावर हाच सवाल. आमची पेटी वाजवायचे गडचिरोलीचे शिंपीचाचा. दिवसभर कापड बेतायचे आणि सणासुदीला आमच्यासाठी सूर बेतायचे. त्यांनी तर कपाळालाच हात लावला. "बेटा, मय्यतीत ढोलकी वाजवाची म्हनतोस? लोक तुले सोडतीन, मलेच पुरतीन!"

बातमी धानोऱ्याकडे पोचायला वेळ लागला नाही. सासरे बैलगाडी जुंपून आले. लग्नाची सुपारी फुटली होती, तिथी तेवढी राहिली होती. ओसरीवर बसून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाबू, मी मंडईले येतो. पाहातो. पर तो नावाडी नाचून राह्यला, तं सुपारी वापस. ज्याले रडनं कुठी अन् हासनं कुठी कळत नाई, त्याच्या घरी पोरगी काऊन देऊ?"

"मामाजी, पुढं काय झालं हे तुमाले जानून घ्याचं नाई?"

ते घुटमळले. "घ्याचं हाये," म्हणाले, "म्हनूनच येतो." आणि गेले.

मंडईच्या दिवशी इतक्या गाड्या लोटल्या, की बैलांना शिंगं हलवायला जागा उरली नाही. सासऱ्यांची गाडी सगळ्यांत पुढं. नावाडी मीच होतो. खांद्यावर वल्हं घेऊन उभा राहिलो, चाचांनी पेटी उघडली, ढोलकी कडाडली आणि मी दंडारीच्या नेहमीच्या चालीत पहिलं कडवं उडवलं. पाय आपोआप ठेका धरू लागले.

कोणी हसलं नाही. कोणी शिवीही दिली नाही. मागून एक जण फक्त म्हणाला, "हा तं खुश दिसून राह्यला, बे." सासरे गाडीवरून खाली उतरले आणि बैल जुंपायला लागले. चाचांचा हात भात्यावरच थांबला.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं माझी आत्याबाई उठली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. "थांबा नं जी, भाऊ!" ती सासऱ्यांवर खेकसली. मग माझ्याकडे वळली. "तुले गाता येते रे, रडता येत नाई. आमी बाया रडतो तवा का मुक्यानं रडतो?"

आणि डोक्यावर पदर घेऊन, जमिनीवर बसून तिनं हेल काढला. आमच्या बाया मेल्या माणसाला अशाच रडतात. सुरात, त्याचा एकेक गुण सांगत, शेवटचा शब्द लांबवत. तिनं नावाड्याच्या बायकोला हाक मारली. तुझ्या हातची भाकर कोण देईल, म्हणाली. तुझं लुगडं वळणीवर वाळून गेलं, म्हणाली. दुसरी बाई तिला मिळाली, मग तिसरी. हळूहळू नावाड्याची बायको बाजूलाच राहिली आणि जी ती आपापल्या माणसाला रडू लागली. चाचांनी ढोलकीवाल्याला खुणेनं गप्प केलं आणि पेटीवर एकच सूर धरून ठेवला. मी वल्हं टाकलं, खाली बसलो आणि त्या हेलात माझं कडवं म्हटलं. शब्द तेच, पण ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाल्यासारखे वाटले. आमच्या नाल्याला त्या दिवशी पूर आला, असं काही लोक सांगतात. मी नाकारत नाही.

दंडार त्यापुढं सरकलीच नाही. ऊन उतरलं तरी पहिलाच प्रवेश चालू होता.

सासरे बैल सोडून परत येऊन बसले होते. त्यांची बायको दोन पावसाळ्यांमागं गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. बऱ्याच वेळानं माझ्याजवळ आले, उपरण्यानं तोंड पुसलं. "सुपारी राहू दे," म्हणाले. "पर त्याचा भाऊ सापडला का नाई?"

खरं म्हणजे मी पहिल्या प्रवेशापुढं काही रचलंच नव्हतं. पण हातात आलेला पत्ता कोण टाकून देतो? "मामाजी, ते लगनानंतर सांगतो."

तिथी चटकन निघाली. लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकाला आवाज लावला, आणि सासरे माझ्या कानाशी वाकले. "आता तं सांगून टाका, जवाईबापू. बुडवला का त्याले?"

मी घाम पुसत होतो. अंतरपाटाच्या पलीकडून, आजवर मी न ऐकलेला एक आवाज आला, "बाबा, आधी अक्षता टाका! मंग आमी दोघं मिळून ठरवतो."