येईन म्हटलं की येणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई बोरसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्याच घरात, माझ्या वडिलांशी वाद घालताना. मी कॉलेजातून आले तर सुरतेच्या गोडादरा भागातल्या आमच्या त्या एका खोलीत खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. समोर माझे वडील. त्यांना आम्ही नाना म्हणतो. ते लूमच्या कारखान्यात कारीगर. आई साडीला लेस लावता लावता हात थांबवून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

वादाचा विषय मीच होते. माझी एक मैत्रीण दर रविवारी ताईंच्या गटाबरोबर खेड्यातल्या एका शाळेत मुलांचा अभ्यास घ्यायला जायची. मलाही जायचं होतं आणि नानांनी साफ नाही म्हटलं होतं. मैत्रिणीने हे ताईंच्या कानावर घातलं. एवढ्यावरून ताई आमचं घर शोधत आल्या होत्या.

“पोर मोठी व्हयनी, ताई. पोऱ्यास्ना संगे बसमा कोठे फिराडतस तुम्ही?” नाना म्हणाले. पोरांबरोबर मला बसने कुठे फिरवता, हा त्यांचा सवाल. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. पण पाहुण्या बाईंसमोर नाना सहसा हिंदीवर जायचे. ताईंसमोर गेले नाहीत, कारण ताई पहिल्या वाक्यापासून अहिराणीतच बोलत होत्या.

“बरोबर शे तुम्हनं,” ताई म्हणाल्या. “माले पोर ऱ्हाती तर मीबी इचारतू. मंग तुम्हीच चला ना भाऊ. एक दिन दखा, आनि मंग ठरवा.”

नानांना नकाराची सवय होती, आमंत्रणाची नव्हती. ते गडबडले. आणि पुढच्या रविवारी, सुट्टीचा एकुलता एक दिवस मोडून, खरोखरच आमच्याबरोबर एसटीत चढले.

ज्यांची ताईंशी ओळख या गौरवग्रंथामुळेच होते आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ताई मूळच्या धुळे जिल्ह्यातल्या. लग्नानंतर सुरतेला आल्या. यजमान डाइंग मिलमध्ये होते. ताईंनी नोकरीची सगळी वर्षं मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत काढली. आपल्या खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून पोटासाठी इथे आलेल्या घरांतली मुलं त्यांच्यापुढे बसली. निवृत्तीनंतर जुने विद्यार्थी भेटायला येत. कोणी कॉलेजात, कोणी साडीच्या दुकानात, कोणी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात. ताई त्यांना चहा देत आणि विचारत, “रविवारी काय करतोस?” आमचा गट या प्रश्नातून जन्मला. सुरतेपासून बसने काही तासांवर, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातली एक छोटी आदिवासी शाळा आणि कोसाडजवळचं मुलींचं एक बालगृह, ही आमची दोन ठिकाणं. त्याहून अधिक ठिकाणं ताईंनी कधी घेतली नाहीत. “जिथे दर वेळी पोचता येईल तेवढंच घ्यायचं,” असं त्यांचं म्हणणं.

त्या पहिल्या रविवारी नाना शाळेच्या ओट्यावर अवघडून बसले होते. ताईंनी तिसरीतल्या एका मुलीला त्यांच्याजवळ पाठवलं आणि म्हणाल्या, “या काकांना वाचून दाखव.” पुस्तक गुजराती, मुलीची घरची बोली वेगळी. ती अडखळत वाचत होती आणि प्रत्येक ओळीनंतर नानांकडे बघत होती. नानांना गुजराती लिपी येत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. नाना मान डोलवत राहिले. धडा संपल्यावर ती आपणहून दुसरा वाचू लागली.  घरी आल्यावर नाना आईला एवढंच म्हणाले, “जाऊ दे तिले. चांगलं काम शे.”

ताईंची शिकवण्याची पद्धत त्या शाळेत मी जवळून पाहिली. आम्ही नवखे पोरं-पोरी पाठ्यपुस्तक उघडून सुरू व्हायचो. मुलं गप्प. ताई पुस्तक बाजूला ठेवायला लावत आणि म्हणत, “आधी मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या.” मग कोंबडीची, बैलाची, ओढ्यातल्या खेकड्याची गोष्ट मुलं आपल्या बोलीत सांगत. त्यातले कितीतरी शब्द आमच्या अहिराणीला इतके जवळचे निघत की आम्हीच हसायचो. तीच गोष्ट नंतर मुलांच्याच मदतीने गुजरातीत फळ्यावर उतरायची. ताईंनी एकदा सांगितलं, की नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या वर्गात एक पोरगा महिनोन्‌महिने तोंड उघडत नव्हता. घरची अहिराणी बोलला म्हणून आधीच्या वर्गात त्याला हसले होते. “घरची भाषा दाराबाहेर ठेवून ये म्हटलं, की मूलही अर्धं बाहेरच राहतं,” त्या म्हणाल्या. गटात आलेल्या प्रत्येकाला हे त्यांनी कधी ना कधी ऐकवलेलं आहे.

पण ताईंकडून मी जे खरं शिकले ते शिकवण्याविषयीचं नाही.

कल्पेश नावाचा आमचा एक मित्र बालगृहात गणित घ्यायचा. मुलींचा लाडका. कविता नावाची आठवीतली मुलगी तर त्याच्याखेरीज कोणाकडूनही गणित शिकायला तयार नसायची. परीक्षेच्या आधीच्या रविवारी नक्की येतो, असं कल्पेश तिला सांगून गेला आणि आला नाही. त्याच सुमारास त्याला सचिनच्या एका कारखान्यात काम लागलं होतं, आणि त्या रविवारी त्याला शिफ्टवर बोलावलं होतं. त्याने कोणालाच कळवलं नाही. कविता सकाळपासून फाटकापाशी बसून राहिली. जेवायला बोलावलं तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या गृहमातांनी ताईंना फोन केला.

आम्हाला वाटलं, ताई कल्पेशला चांगलंच फैलावर घेतील. ताई रिक्षा करून सचिनला गेल्या, मला सोबत घेऊन. शिफ्ट सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. कल्पेश बाहेर आला, ताईंना पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

“ताई, मी सांगणारच होतो—”

“रागवायला नाही आले रे. काम लागलं, चांगलं झालं. आईला बरं वाटलं असेल.” मग म्हणाल्या, “आता एक कर. हे कविताला तुझ्या तोंडून सांग. माझ्या तोंडून नको.”

तो तसाच, कामाच्या कपड्यांत, आमच्याबरोबर बालगृहात आला. कविता आली, पण त्याच्याकडे बघेना. त्याने सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, “तो हवे क्यारे आवशो?” म्हणजे आता पुन्हा कधी येणार?

“महिन्यातून एकदा तरी येईन,” कल्पेश घाईघाईने म्हणाला.

ताई मध्येच बोलल्या. “जमणार असेल तरच म्हण, कल्पेश.”

त्याने बोटांवर महिने मोजले.  शेवटी तो म्हणाला, “दिवाळीपर्यंत नाही जमणार. नवीन काम आहे.”

कविताचे डोळे भरून आले आणि ती ताडकन आत निघून गेली. मला ताईंचा राग आला. एवढ्याशा मुलीला एक गोड वाक्य दिलं असतं तर काय बिघडलं असतं? ताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. कल्पेश उठायला लागला तर त्याला हाताने बसवलं. थोड्या वेळाने कविता परत आली. हातात गणिताचं पुस्तक होतं. ते त्याच्यापुढे आपटून म्हणाली, “तो आजे भणावो.” मग आज शिकवा.

कल्पेश अंधार पडेपर्यंत शिकवत बसला. परतीच्या रिक्षात ताई म्हणाल्या, “या मुलींना ‘येतो’ म्हणून न येणारी माणसं आयुष्यात भरपूर भेटली आहेत, जयश्री. त्यांत आपली भर नको. नाही येणार, हे ऐकायची ताकद त्यांच्यात असते. वाट बघायची ताकद मात्र संपत जाते.” तेव्हापासून आमच्या गटाचा नियम झाला: मुलांना वचन देण्याआधी ताईंना सांगायचं, आणि ताई विचारणार, “नक्की?”

ताईंचा एक निर्णय मात्र मला फार जड गेला. त्याविषयी लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल.

डोंगरातल्या त्या शाळेत आम्ही रविवारी जात असू. पुढे शनिवारच्या सकाळच्या शाळेलाही जाऊ लागलो. मुलं भराभर वाचू लागली होती आणि आम्ही खुशीत होतो. एका शनिवारी ताईंच्या लक्षात आलं, की आम्ही पोचलो की शाळेचे गुरुजी वर्गाबाहेर जातात ते शाळा सुटेपर्यंत परत येत नाहीत. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. गुरुजी वाईट नव्हते. एकटे होते. पाचही वर्ग त्यांच्याकडे, वर सगळं कागदोपत्री काम. “तुमची मुलं येतात म्हणून माझं निदान ते काम तरी उरकतं, बेन,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ताईंनी सांगितलं, “पुढचं सत्र आपण येणार नाही.”

आम्ही सगळे एकदम बोलू लागलो. मी तर भांडलेच. “मुलांनी काय केलं, ताई? शिक्षा त्यांना का?”

“आपण जात राहिलो तर इथे दुसरा शिक्षक कधीच येणार नाही,” ताई म्हणाल्या. “वरच्यांना वाटेल, चाललंय की नीट. आपण शिक्षकाच्या मदतीला आलो होतो, त्याची जागा भरायला नाही.”

त्या एकट्या पुन्हा गावात गेल्या. पालकांना ओट्यावर बोलावून, आपण का थांबतो आहोत हे समजावून सांगितलं. गुरुजींनाही त्या सभेत बसवलं, कारण त्यांच्या पाठीमागे बोलायचं नव्हतं. गुरुजींनीच उठून सांगितलं, “मला जोडीला माणूस हवा. तुम्ही मागा, माझं कोणी ऐकत नाही.” पालकांनी मागणी सुरू केली. तालुक्याला खेपा घातल्या. ताई त्यांच्याबरोबर जात, पण साहेबांच्या दालनात बोलायचं काम पालकांनाच करू देत.

दुसऱ्या शिक्षिका आल्या, पण सत्र उलटून गेल्यावर. शेजारच्याच गावच्या, मुलांची बोली बोलणाऱ्या. आम्हीही परत गेलो, या वेळी त्यांच्या हाताखाली, मागे पडलेल्या मुलांजवळ बसायला. शाळा आज छान चालते. पण त्या मधल्या काळात दिनेश नावाचा मुलगा आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला आणि पुन्हा शाळेत आला नाही. आम्ही चौकशी केली, पत्ता लागला नाही. कोणी त्या निर्णयाबद्दल ताईंची स्तुती केली, की त्या आजही म्हणतात, “दिनेश गेला त्यात.” समर्थन करत नाहीत, रडतही नाहीत. त्याचं नाव घेतात आणि पुढच्या कामाकडे वळतात. मला तो निर्णय पटायला बरीच वर्षं लागली. आज मी स्वतः प्राथमिक शिक्षिका आहे. मदतीला येणाऱ्या तरुणांचं वर्गात स्वागत करते, आणि ते शिकवत असताना वर्गात थांबते.

ताईंच्या मायेबद्दल लिहायचं तर पुन्हा त्या बसमध्येच जावं लागेल. पहाटेची बस असल्यामुळे आमच्यातले काही उपाशीच निघायचे. कोणी घाईमुळे, कोणी घरात काही नसल्यामुळे. ताई कोणालाही विचारत नसत. बस शहराबाहेर पडली की पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढत आणि सगळ्यांच्या हातावर सारख्याच ठेवत. “मी खाऊन आलोय” म्हणणाऱ्यालाही घ्यावीच लागे. त्यामुळे खरोखर भूक कोणाला लागली आहे, हे कधी कोणाला कळलं नाही.

गेल्या वर्षी ताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. आयुष्यभर मुलांच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या ताईंना दुखण्याचं नाही, एवढ्याच गोष्टीचं वाईट वाटलं. “खुर्चीवरून मुलांच्या डोक्याचे भोवरे दिसतात, चेहरे दिसत नाहीत,” असं म्हणायच्या.

बसचा प्रवास पुन्हा झेपू लागला तेव्हा आम्ही त्यांना डोंगरातल्या शाळेत घेऊन गेलो. गुरुजींनी आपली खुर्ची वर्गात आणून ठेवली. ताई संकोचून बसल्या. मुलं खाली, ताई वर.  तेवढ्यात दुसरीतली एक चिमुरडी उठली. भिंतीलगतचं ठेंगणं बाकडं दोन्ही हातांनी ओढत, करकर आवाज करत, तिने ते ताईंच्या खुर्चीला भिडवलं. त्यावर चढून गुडघ्यांवर बसली. तरी उंची थोडी कमी पडत होती, म्हणून उभी राहिली. आता तिचा चेहरा बरोबर ताईंच्या चेहऱ्यासमोर आला. मग तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली.

ताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत असताना आम्हा सगळ्यांची एवढीच इच्छा आहे, की त्यांचे नवे गुडघे टणक राहोत, नजर आणि कान असेच तल्लख राहोत, आणि त्यांची तब्येत इतकी ठणठणीत राहो की येत्या कित्येक वर्षांत जी मुलं पहिलीत पाऊल टाकतील, त्यांनाही बाकडं ओढून ताईंच्या शेजारी उभं राहता यावं.