चित्रपटातले हात

महजूब केर्केना बेटाच्या धक्क्यावर सफाक्सहून येणाऱ्या फेरीबोटीचे दोर बांधतो. वय चोपन्न. त्याचे हात बऱ्याच देशांतल्या लोकांनी पाहिले आहेत, पण ते त्याचे आहेत हे बेटाबाहेर कोणाला ठाऊक नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी इथे एका चित्रपटाचं शूटिंग झालं. नायक मच्छीमार. इथे समुद्रात मडकी बुडवून ठेवून ऑक्टोपस धरतात; नटाला मडक्यातून तो काढता येईना, म्हणून जवळून दिसणारे हात महजूबचे घेतले. चित्रपटाला बक्षिसं मिळाली. समीक्षकांनी नटाच्या हातांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले. महजूबला त्यात काही विशेष दिसत नाही. त्याने मोजलंय, नायक अकरा वेळा क्षितिजाकडे बघत बसतो; इतकं बघणाऱ्याची होडी इथल्या उथळ पाण्यात केव्हाच रुतली असती. शिवाय सगळं शूटिंग ऑगस्टमधलं. उन्हाळ्यात मादी मडक्यात अंडी राखत बसते. तेव्हा मडकं ओढणाऱ्याला बेटावर कोणी चहा विचारत नाही.

त्याचे वडील हाजी सासी यांनी चित्रपट एकदाच पाहिला आणि मुलाचे हात ओळखले. समुद्रात खजुरीच्या फांद्यांचं कुंपण रोवून मासे धरायची या घराची पिढीजात जागा आहे. दर सप्टेंबरअखेर कुंपण नव्याने रोवतात, आणि पाण्यात कोणी उतरायचं ते म्हातारा ठरवतो. त्या वर्षापासून तो फक्त धाकट्या मुलाला, लझरला हाक मारतो. ऑक्टोपस शीतगृहातला होता, हे महजूबने तेव्हाच सांगितलं होतं. म्हातारा मासे साफ करत राहिला. चारचौघांत सांगितलं तर ऐकेल, असं महजूबला वाटायचं.

यंदा सप्टेंबरात सांस्कृतिक भवनात दुपारी तोच चित्रपट पुन्हा दाखवला. ट्युनिसहून आलेल्या एक बाई त्यातल्या अस्सलपणावर वीस मिनिटं बोलल्या. हाजी सासी पहिल्या रांगेत, लझरशेजारी. दिवे लागल्यावर महजूब उभा राहिला.

"त्यातला ऑक्टोपस मेलेला होता. सफाक्सच्या बर्फातला. मडकी रिकामी होती."

मागून कोणीतरी म्हणालं, "तरी नटापेक्षा त्याचंच काम बरं होतं, महजूबकाका." सगळे हसले. बाईही हसल्या, टाळ्या झाल्या.

म्हाताऱ्याने मान वळवली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, ऐकू नीट येतं.

"मेलेला होता ते दिसत होतं. मी काय आंधळा आहे? ऑगस्टात मडकं ओढणारे हात तुझेच ना?"

"माझेच, बाबा."

"मग झालं."

सोमवारी लझर आणि त्याची दोन मुलं फांद्या घेऊन पाण्यात उतरली. महजूब धक्क्यावर होता. सकाळच्या बोटीने बाई परत निघाल्या होत्या. त्याला ओळखून थांबल्या, चित्रपट त्याला कसा वाटतो ते विचारायचं राहून गेलं म्हणाल्या.

"लांबलाय," महजूब म्हणाला, आणि त्याने दोर सोडला.